पाण्याचा एक घोट: प्रकल्प नोंदी, पुणे, जानेवारी ते मे २०२५

१३ जानेवारी २०२५, सोमवार

विषय आज पक्का झाला. धडधाकट प्रौढ माणूस पाणी, ताक, पेज असे द्रव गिळतो तेव्हा मानेच्या बाहेरून काय टिपता येते आणि ते श्वासाशी कसे जुळते, हे पाहायचे. इन्स्ट्रुमेंटेशनचे आम्ही दोघे, आमच्या मार्गदर्शक मॅडम, आणि सल्ल्याला एक स्पीच थेरपिस्ट ताई. ताई रुग्णालयात रोज गिळण्याच्या तक्रारी पाहतात. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, "रुग्णाच्या गळ्याला सेन्सर लावायला सगळे उत्सुक असतात. आधी बऱ्या माणसाचं नीट मोजून द्या. तो पाणी कसा पितो, किती तऱ्हांनी पितो. मला तुलनेला तेच लागतं."

गिळणे तपासायच्या भरवशाच्या पद्धती दोन. एक म्हणजे बेरियम मिसळलेला घोट देऊन एक्स-रेचे चलचित्र घेणे, शक्यतो सेकंदाला ३० चौकटींनी. त्यात सगळे दिसते, पण किरणांचा प्रश्न आहे. निरोगी माणसाला केवळ आमच्या प्रकल्पासाठी पुन्हा पुन्हा त्याखाली बसवणे योग्य नाही. दुसरी पद्धत नाकातून बारीक दुर्बीण घशात सोडण्याची, १९८८ पासून रुळलेली. घोटाच्या आधीचे आणि नंतरचे तिच्यात उत्तम दिसते, मात्र ऐन गिळण्याच्या क्षणी घसा दुर्बिणीभोवती आवळला जातो आणि पडदा पांढरा होतो. आम्हाला हवा आहे तो नेमका तोच क्षण. म्हणून मानेवरचे कंपन, हनुवटीखालच्या स्नायूंचे ईएमजी (म्हणजे स्नायू आवळताना उमटणारे विजेचे संकेत) आणि नाकातला श्वास अशा तीन रेघा एकाच वेळी नोंदायच्या ठरल्या.

नीतिशास्त्र समितीकडे अर्ज दिला. संमतिपत्र मराठीतच लिहिले आहे.

२२ जानेवारी, बुधवार

घोटाचा क्रम आज कागदावर मांडला. सेन्सर कुठे चिकटवायचे हे त्याशिवाय ठरत नाही.

पाणी तोंडात आले की ओठ मिटतात, जिभेच्या कडा वरच्या दातांना आतून टेकतात आणि जिभेचा मागचा भाग मृदू टाळूला भिडतो. पाणी असे धरून ठेवलेले असताना नाकाने श्वास चालूच असतो. मग जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते आणि जीभ पुढून मागे टाळूवर दाबत जाते. इथपर्यंतचे काम आपल्या मर्जीचे. मनात आले तर थांबता येते, चूळ थुंकून टाकता येते.

पुढचे मात्र एकदा सुरू झाले की थांबत नाही. मृदू टाळू वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. हनुवटीखालचे स्नायू हायॉइड नावाच्या नालाच्या आकाराच्या हाडाला वर आणि पुढे खेचतात. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेले नाही, ते स्नायूंवरच तोललेले असते. त्याच्याबरोबर स्वरयंत्र वर येते; आरशात कंठमणी वर जाताना दिसतो तो हाच. हा प्रवास एक-दोन सेंटिमीटरचा. त्याच वेळी स्वरतंतू जवळ येऊन मिटतात, त्यांच्यावरचा भाग आवळला जातो आणि एपिग्लॉटिस ही जिभेच्या मुळाशी असलेली पानासारखी कूर्चा मागे-खाली झुकून झाकण घालते. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला कड्यासारखा स्नायू एरवी घट्ट मिटलेला असतो. त्याला मेंदूकडून सैल पडण्याचा निरोप येतो, वर-पुढे सरकणारे स्वरयंत्र त्याला ओढून उघडते आणि येणाऱ्या पाण्याचा दाब त्याला आणखी रुंद करतो. वरून घशाच्या भिंती आवळत येतात. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदात, बरेचदा त्याहून कमी वेळात आटोपतो. तिसाहून अधिक स्नायूंच्या जोड्या, मेंदूतून निघणाऱ्या बारांपैकी पाच नसा (पाचवी, सातवी, नववी, दहावी, बारावी), आणि या सगळ्यांचे वेळापत्रक मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात.

यांत्रिकीच्या दृष्टीने मला यात सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. हायॉइड आणि स्वरयंत्र यांची ती एकच ओढ दोन कामे करते: श्वासाची वाट झाकायला मदत करते आणि अन्नाची वाट उघडते. ओढ कमी पडली तर दोन्ही कामे एकदम बिघडतात. पाणी वर साचते आणि शेजारी श्वासनलिकेचे दार अर्धवट उघडे राहते. म्हणून मानेवरून काही एकच टिपायचे असेल तर ही ओढ टिपली पाहिजे.

सेन्सर कंठमण्याच्या खाली, क्रिकॉइड कूर्चेच्या समोर. बोटाने चाचपल्यावर कंठमण्याखाली एक खाच लागते, तिच्या खाली जे कडे लागते ते.

२९ जानेवारी, बुधवार

काम थांबले आहे. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोमचे) रुग्ण वाढत आहेत, शहर-परिसरातला आकडा शंभराच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आहे, आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आहे. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांतली ताकद जाते हे सगळ्यांना ठाऊक झाले आहे. पण नववी-दहावी नस सापडली तर गिळणेही जाते. लाळ गिळता येत नाही, खोकला क्षीण होतो.

ताईंना फोन केला तेव्हा त्या दोन वॉर्डांच्या मध्ये होत्या. म्हणाल्या, "आता कळलं ना, मला बऱ्या माणसाचे आकडे का हवेत? हा माणूस तीन आठवड्यांनी सुधारतोय की नाही, कशाशी ताडून सांगू?"

आमच्या बाजूने बदल: चाचणीचे पाणी फक्त उकळून गार केलेले, त्याच दिवसाचे. गेल्या सहा आठवड्यांत जुलाब, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा झालेल्या कोणालाही घ्यायचे नाही. स्वयंसेवक मिळायला वेळ लागेल, लागू दे. या दिवसांत कोणाला आग्रहाने पाणी पाजणे बरोबर नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून खरेदी. कंपन टिपायला एडीएक्सएल ३३५ अ‍ॅक्सेलरोमीटर, ईएमजीचे मॉड्यूल, ईसीजीला छातीवर लावतात तसल्या पॅडचा पुडा, नाकाच्या श्वासासाठी थर्मिस्टर, म्हणजे तापमानातला बदल टिपणारा सेन्सर. दुकानदाराने गळ्याला लावणार म्हटल्यावर साध्या वायरऐवजी मऊ सिलिकॉनची वायर काढून दिली. खरोखर फरक पडला. कडक वायर मान हलली की सेन्सरला ओढते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ईएमजीच्या रेघेवर ५० हर्ट्झची गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर घेतले, ट्यूबलाइट बंद केली, तेव्हा रेघ स्वच्छ झाली. आवंढा गिळला की हनुवटीखाली ठळक उसळी दिसते आणि कंपनाची रेघ तिच्या किंचित मागून येते. आधी स्नायू, मग स्वरयंत्र.

कंपन स्पीकरवर ऐकले. एका घोटात बहुतेक वेळा तीन आवाज सुटे करता येतात: स्वरयंत्र वर जातानाचा दबका, मग अन्ननलिकेचे तोंड उघडून पाणी सुटतानाचा सर्वांत मोठा, आणि शेवटी स्वरयंत्र जागेवर परततानाचा. आवंढ्यात मधला आवाज बारीक असतो. पाण्याच्या घोटात तो भरून येतो.

४ मार्च, मंगळवार

पहिले स्वयंसेवक. आज जे दिसले त्याने चाचणीची पद्धतच बदलावी लागेल.

आम्ही सिरिंजने १० मिलि पाणी तोंडात द्यायचो, "धरा" म्हणायचो, मग "गिळा". अशा घोटात सगळे शिस्तीत येते: पाणी जिभेवर थांबलेले, श्वास आधीच रोखलेला, नंतर उसळी. तीच व्यक्ती गप्पा मारता मारता टेबलावरचे फुलपात्र उचलून प्याली तेव्हा रेघांचा क्रम वेगळा आला. श्वास जेमतेम घोटाच्या तोंडाशी थांबला आणि घोट झाल्या झाल्या उच्छ्वास सुटला.

हुकमावर गिळणे आणि आपसूक गिळणे यांची वेळ जुळत नाही, हे एक्स-रेच्या अभ्यासांतही दिसले आहे. तरी जगभरच्या बऱ्याचशा तक्त्यांतले "सामान्य" आकडे हुकमी घोटांचे आहेत. मॅडमचे म्हणणे, हुकमी घोट सोडू नका, ताडून पाहायला तोच सोपा. मान्य. पण तो एकटा पुरत नाही.

श्वासाबद्दल पुस्तकात आहे तेच आमच्याकडे आले. बहुतेक घोट उच्छ्वासाच्या मध्ये पडतात: थोडा श्वास बाहेर, थांबा, घोट, उरलेला श्वास बाहेर. यात सोय आहे. घोटानंतर स्वरयंत्राच्या दारात एखादा थेंब राहिलाच तर बाहेर जाणारी हवा त्याला वर ढकलते. घोट झाल्या झाल्या श्वास आत ओढला तर तोच थेंब खाली जाईल आणि ठसका लागेल. अगदी निरोग्या माणसातही पाण्याचा अंश कधीमधी त्या दारापर्यंत पोहोचतो आणि आपोआप परत फेकला जातो. त्याला दोष म्हणायचे नसते.

१२ मार्च, बुधवार

घोटाचे माप. फुलपात्र ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर आधी ठेवायचे, एक घोट, पुन्हा ठेवायचे. पाण्याचा ग्रॅम म्हणजे मिलिलिटर, त्यामुळे हिशेब सरळ. "एक घोट घ्या" म्हटले की माणूस अगदी बेताचा घेतो. तहान लागलेली असताना न सांगता घेतलेला घोट त्याच्या कितीतरी मोठा. घोट मोठा झाला की श्वास आधी थांबतो आणि जास्त वेळ थांबून राहतो, अन्ननलिकेचे तोंड जास्त रुंद आणि जास्त वेळ उघडते. घसा येणाऱ्या मापाप्रमाणे स्वतःला बदलतो. म्हणून माप न लिहिता नुसता वेळ लिहिला तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. नोंदवहीत वजनाचा रकाना घातला.

१८ मार्च, मंगळवार

उकाडा सुरू झाला. पंखा लावला की नाकाखालच्या थर्मिस्टरची रेघ वाऱ्यानेच डोलते, आणि पंख्याशिवाय कोणाला बसवणे शक्य नाही. थर्मिस्टर तसाही संथ. अर्ध्या सेकंदाचा थांबा त्यात पसरट होऊन येतो. त्याऐवजी ऑक्सिजन देतात तसली नाकाची नळी आणि तिला जोडलेला दाबाचा सेन्सर. थांब्याच्या दोन्ही कडा आता धारदार आल्या.

२४ मार्च, सोमवार

आजची नोंद लांबणार आहे.

स्वयंसेवकांत एक निवृत्त शिक्षक काका होते. फुलपात्र पुढे केले तर म्हणाले, "भांड्याला तोंड लावायची सवयच नाही हो मला. उष्टं करायचं नाही, असं लहानपणापासूनचं. वरूनच पितो." आमच्या पत्रकात पेला आणि स्ट्रॉ असे दोनच रकाने होते. तांब्या आणला, सेन्सर लावले, बाजूने मोबाइल सेकंदाला २४० चौकटींवर लावला.

काकांनी मान मागे टाकली, तांब्या ओठांपासून वीतभर वर धरला. करंगळीएवढी धार जिभेच्या मध्यावर पडू लागली. सुरुवातीला नाकातला श्वास मंद चालू होता. जिभेच्या मागच्या भागाने वाट धरून ठेवली होती, तोंड भरत होते. मग श्वासाची रेघ सपाट झाली आणि कंठमणी वर चढला. धार थांबली नाही. ओठ मिटले नाहीत. चित्रफीत सावकाश चालवली तेव्हा दिसले, की जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते, तिच्या मागचे पाणी घशात ढकलले जाते, आणि त्या निमिषात वरून पडणारी धार जिभेच्या पुढच्या उतारावर, खालच्या ओठाच्या आत साचते. जीभ खाली आली की ते साठलेले पाणी मागे जाते आणि पुढचा घोट तयार. कंठमणी पूर्ण खाली येतच नव्हता. अर्ध्यावर यायचा आणि पुन्हा चढायचा. शेवटच्या घोटानंतर तांब्या सरळ झाला, नाकातून मोठा उच्छ्वास आला. शर्टावर एक थेंब नाही.

माझा जोडीदारही वरूनच पितो. त्याचे अगदी वेगळे निघाले. तो तोंड भरून घेतो, धार तोडतो, ओठ मिटतो, हनुवटी खाली आणतो आणि मग गिळतो. घशाच्या दृष्टीने हा पेल्यातलाच मोठा घोट झाला. दोघांनाही विचारले तर उत्तर एकच, "वरून पितो."

यामागचे यंत्र असे. पाणी मागे ढकलायला बंद जागा लागते. ओठ मिटणे हा ती बंद करायचा एक मार्ग. जीभ दातांमागे टेकवून तिच्या मागची जागा बंद करणे हा दुसरा. काकांच्या जिभेने दुसरा साधला आहे, तोही धार चालू असताना. त्यात मान मागे. हनुवटी वर गेली की हायॉइडला पुढे खेचणारे स्नायू ताणले जातात, आणि दाब मोजणाऱ्या अभ्यासांत असे दिसले आहे की मान मागे असताना अन्ननलिकेचे तोंड कमी सैल पडते आणि कमी वेळ सैल राहते. शिवाय पाणी वजनानेच मागे धावते, म्हणजे झाकण पडायला वेळ कमी. वाट अरुंद, वेळ कमी, पाणी सर्वांत वेगवान. तरीही निरोगी गळा हे बिनबोभाट निभावतो. निरोगीपणाचा खरा पुरावा मला या राखीव क्षमतेत दिसतो. हुकमी १० मिलिच्या घोटात तिला हातही लागत नाही.

संध्याकाळी ताईंना चित्रफीत दाखवली. त्यांनी ती तीनदा पाहिली. मग म्हणाल्या, की अर्धांगवायूनंतर घरी गेलेल्या माणसाला घरचे लोक प्रेमाने पाणी पाजतात ते असेच: उशीवर मान मागे, तोंडात वरून चमच्याने किंवा बाटलीने धार. "त्याची आयुष्यभराची सवय वरून प्यायची असते. त्यालाही तेच बरं वाटतं. पण आता ती राखीव ताकद नसते." त्या रुग्णाला बसते करतात, मान सरळ किंवा हनुवटी किंचित खाली ठेवायला लावतात, पेल्याने लहान घोट देतात. हनुवटी किती खाली, हेही तपासून. सगळ्यांना एकच नियम चालत नाही. घरी कोणाला पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा येत असेल, तर तपासणी करून घ्यावी, हे त्या प्रत्येकाला सांगतात. मीही इथे लिहून ठेवतो.

पत्रकात आता रकाने असे: पेला, फुलपात्र, स्ट्रॉ, बाटली, वरून-धार चालू, वरून-धार तोडून. पहिला प्रश्न: घरी तुम्ही पाणी कसे पिता?

२ एप्रिल, बुधवार

घटाघटा पिण्याच्या नोंदी. १०० मिलि, न थांबता, स्वतःच्या गतीने.

दोन ठळक तऱ्हा दिसल्या. काहींचा कंठमणी प्रत्येक घोटानंतर पूर्ण खाली येतो, काहींचा वरच राहून तिथल्या तिथे हलतो. काहींमध्ये दोन्ही मिसळलेल्या. एक्स-रेच्या अभ्यासांत निरोगी माणसांत या तिन्ही तऱ्हा सापडलेल्या आहेत. त्यांतच हेही दिसले आहे, की असे सलग पिताना पाण्याचे टोक घशात बरेच खाली उतरलेले असते आणि मग घोट सुरू होतो. सुट्या घोटात हेच दिसले तर उशीर झाला असे कोणी म्हणेल. सलग पिण्यात ती रीतच आहे.

घशाखालची गोष्ट आमच्या सेन्सरला दिसत नाही, पण ती इतकी सुरेख आहे की टिपून ठेवतो. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर. तिच्यातली आवळणारी लाट सेकंदाला तीन-चार सेंटिमीटरने उतरते, म्हणजे तळाशी पोहोचायला सहा ते आठ सेकंद. बसून प्यायलेले पाणी तोवर थांबत नाही, ते वजनाने आधीच खाली गेलेले असते. आणि घोटामागून घोट आले तर? मेल्ट्झर आणि क्रोनेकर यांनी १८८३ च्या सुमारास हे उकलले: प्रत्येक नवा घोट आधीच्या लाटेला थोपवतो, नळी सैल राहते, आणि शेवटच्या घोटानंतर एकच लाट उतरून सगळे पुसून नेते. क्ष-किरण अजून सापडले नव्हते तेव्हाचे हे काम. रबराचे फुगे गिळून, दाब नोंदवून केलेले. पुढे १८९८ मध्ये कॅनन आणि मोझर यांनी क्ष-किरणांखाली प्राण्यांच्या अन्ननलिकेत घास उतरताना प्रत्यक्ष पाहिला.

सलग पिण्यात श्वासाची शिस्त मात्र सैल होते. काहींचा श्वास शेवटपर्यंत बंद, काही मध्येच चोरटा घेतात, आणि शेवटी उच्छ्वासाऐवजी श्वास आत घेणारे सुट्या घोटांपेक्षा जास्त. तहानेने घाईत पिताना ठसका का लागतो ते रेघेवरच दिसते.

१६ एप्रिल, बुधवार

घट्टपणाचे काम. यासाठी आयडीडीएसआयची, म्हणजे गिळायच्या पदार्थांचा घट्टपणा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीची, सिरिंज चाचणी: १० मिलिची सिरिंज, खालून बोट लावून भरायची, बोट काढायचे, १० सेकंदांनी पुन्हा लावायचे, उरले किती ते पाहायचे. १ मिलिपेक्षा कमी उरले तर पातळी शून्य. १ ते ४ उरले तर पहिली. ४ ते ८ दुसरी. ८ च्या वर तिसरी. गळतच नसेल तर चौथी. सिरिंज कुठलीही चालत नाही. शून्याच्या रेघेपासून दहाच्या रेघेपर्यंत ६१.५ मिलिमीटर भरले पाहिजे. बाजारात आणलेल्या सगळ्या पट्टीने मोजल्या आणि जुळणाऱ्या तेवढ्याच ठेवल्या.

पातळ ताक आणि उसाचा रस शून्यावर. पियूष दुसऱ्या पातळीवर, पण ते दुकानागणिक बदलेल. नाचणीची पेज गाळून घ्यावी लागली, कण तोटीत अडकतात. गरम असताना पहिली, गार झाल्यावर तिसरी. आपण घरात "पातळच आहे" म्हणून देतो ती पेज ताटात येईपर्यंत वेगळा पदार्थ झालेली असते.

मग ताईंनी सुचवलेली चाचणी. गार पेजेच्या दोन वाट्या. एकीत तोंडात घालून काढलेला चमचा फिरवला, दुसरीत कोरा. दहा मिनिटांनी कोऱ्या चमच्याची पेज होती तशीच, ९ मिलिच्या आसपास उरणारी. उष्ट्या चमच्याची सिरिंजमधून सरळ वाहून गेली, २ मिलिही उरली नाही. वाटी तिरकी केली तर कडेला पाणी सुटलेले डोळ्यांनी दिसत होते. लाळेतले अमायलेज पिठूळ पदार्थातला स्टार्च तोडते, आणि शिजलेला स्टार्च तर भराभर.

तेच ताक घातलेल्या आंबट अंबिलीवर केले. फारसा फरक नाही. आंबटपणात अमायलेज मंदावते. झँथन गम घालून घट्ट केलेल्या पाण्यावर तर लाळेचा काहीच परिणाम झाला नाही. तो स्टार्च नाहीच.

ज्याला पातळ पाणी झेपत नाही म्हणून घट्ट करून द्यायला सांगितले आहे, त्याच्या घरी हे माहीत असायलाच हवे. एकाच वाटीतून त्याच चमच्याने अर्धा तास सावकाश भरवले तर शेवटचे चमचे पुन्हा पातळ झालेले असतात, म्हणजे जे टाळायचे तेच घशात जाते. थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून घ्यावी. ताई ही चाचणी आता नातेवाइकांना वॉर्डातच करून दाखवणार आहेत.

घट्ट द्रव का सोपा, हे रेघांत दिसते. तो सावकाश उतरतो, झाकण पडायला उसंत मिळते. पण जीभ जास्त जोराने दाबावी लागते. हनुवटीखालची उसळी पेजेला पाण्यापेक्षा रुंद आली. जिभेची ताकद कमी असलेल्या माणसाच्या घशात घट्ट पदार्थ मागे राहून जाऊ शकतो. "घट्ट म्हणजे सुरक्षित" असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

२८ एप्रिल, सोमवार

साठीपुढचे निरोगी स्वयंसेवक. घोट सुरू व्हायला किंचित उशीर, श्वासाचा थांबा लांब. वयाबरोबर जीभ जास्तीत जास्त जो दाब देऊ शकते तो घटतो, मात्र रोजच्या घोटाला लागणारा दाब जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे मधली राखीव पुंजी आटते, घोट चालूच राहतो. हा आजार नव्हे, आणि आमच्या पत्रकात तो आजार म्हणून जाता कामा नये.

एका आजींनी ३० सेकंदांत जमतील तेवढे आवंढे गिळायची चाचणी तरुणांच्या तोडीने केली. या चाचणीत तीनपेक्षा कमी झाले तर शंका घ्यायची असते. तोंड कोरडे पडले की पुढचा आवंढा सगळ्यांनाच जड जातो, म्हणून आधी घोटभर पाणी द्यायचे ठरले.

७ मे, बुधवार

मॅडम आणि ताईंसोबत पत्रक अंतिम केले. क्रम असा: आधी स्वयंसेवकाने घरच्या सवयीने, घरच्यासारख्या भांड्यातून, न सांगता प्यायचे, आणि वजन काट्यावर. नंतर हुकमी १० मिलि. त्यानंतर सलग १०० मिलि. वरून पिणाऱ्यांची बाजूने चित्रफीत, धार चालू की तोडून ते लिहून. पेज असेल तर चाचणीच्या वेळचे तापमान आणि सिरिंजची पातळी. ठसका लागला की तिथेच थांबायचे आणि तसे नोंदवायचे.

मॅडमनी विचारले, इतक्या तऱ्हा ठेवल्या तर "सामान्य" म्हणून एक आकडा कसा देणार? एक आकडा द्यायचा नाही, असे ठरले. प्रत्येक तऱ्हेचा वेगळा पट्टा द्यायचा, आणि ताईंच्या तक्त्यात रुग्णाच्या नावासमोर आधी त्याची तऱ्हा लिहायची.

ताईंनी तांब्या-फुलपात्राचा एक संच वॉर्डसाठी मागितला आहे. रुग्णाला प्यायला द्यायचा नाही. "घरी कसे प्यायचात ते रिकाम्या भांड्याने दाखवा" असे विचारण्यासाठी. उद्या तुळशीबागेतून आणायचा. सेन्सरचा दुसरा संच सोल्डर करायचा आहे, मऊ वायर संपली आहे.